एक आणि दोन हजर

बायको घर सोडून चालली आहे ही बातमी मोजणीसाहेबांना मुलीकडून कळली, आणि तीही फोनच्या स्पीकरवर, शेंगा निवडता निवडता.

"बाबा, आई पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे राहणार आहे. खोली रिकामी केलीय मी."

"किती दिवस?" मोजणीसाहेबांनी विचारलं.

मग मुलगी म्हणाली, "दिवस नाही बाबा. राहायलाच."

वहिनी समोरच बसल्या होत्या. (सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणायची, म्हणून आपणही म्हणू.) त्यांनी शेंगेचा दोरा काढला, बाजूला ठेवला, आणि मान वर न करता म्हणाल्या, "चिडू नका. भांडण वगैरे काही नाही. इथे आता मला करमत नाही, एवढंच."

भांडण असतं तर मोजणीसाहेबांनी ते निस्तरलं असतं. भांडणाला मुद्दे असतात, मुद्द्यांना उत्तरं असतात, आणि उत्तरं लेखी देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण न करमण्यावर काय उत्तर द्यायचं? ते उठले, पंख्याचा वेग एकने वाढवला आणि परत येऊन बसले.

मोजणीसाहेब हे नाव त्यांना कचेरीने दिलं होतं. छत्तीस वर्षं ते सरकारी भांडारात साठा-तपासनीस होते. स्टूल, बादल्या, पंखे, कपाटं, कागद टोचायच्या सळ्या, सगळ्यांवर पांढऱ्या रंगात नंबर घालायचे आणि वर्षातून एकदा प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहून यादीवर खूण करायची. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खूण नाही, हा त्यांचा नियम होता. अपवाद फक्त यादीतल्या पहिल्या दोन नगांचा. एक नंबर त्यांचं टेबल आणि दोन नंबर त्यांची खुर्ची. त्यांवर ते बसल्याबसल्या खूण करून टाकत, कारण ज्यावर आपण बसलोय ते आहे की नाही हे वाकून बघणारा माणूस वेडा ठरतो.

तर आता काहीतरी करणं भाग होतं. वहिनींना प्रवासाची हौस होती, निदान एकेकाळी होती. निवृत्त झालो की जाऊ, असं मोजणीसाहेब इतकी वर्षं सांगत आले होते, की पुढे वहिनींनी विचारणंच सोडून दिलं होतं. त्यांनी प्रवासी कंपनीचं पत्रक आणलं. शेजारचे तीन देश, अकरा दिवस, सगळा प्रवास आगगाडीने, सोबत गाइड. चित्रात गाडीच्या दोन्ही बाजूंना इतकी झाडं होती की रूळ घालायला जागा कुठून मिळाली असा प्रश्न पडावा.

वहिनींनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. "जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "आल्यावर मी मुलीकडे जाईन."

मोजणीसाहेबांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसऱ्याचा अर्थ त्यांनी 'आल्यावर बघू' असा लावला. अकरा दिवसांत बायकोचं मन वळवायचं, एवढंच आता त्यांच्या डोक्यात होतं.

इमारतीत सहलीची बातमी पसरायला एक जिना पुरला. तळमजल्यावरचे भूगोलाचे निवृत्त मास्तर स्वतः कधी गावाबाहेर गेले नव्हते, पण जगातला सगळा पाऊस त्यांना पाठ होता. "विषुववृत्ताजवळ चाललात," ते म्हणाले. "रोज दुपारी चारला पाऊस. घड्याळ लावून घ्या." मोजणीसाहेब म्हणाले, हल्ली हवामान बदललंय. मास्तर नुसते हसले, आणि ते हसणं मोजणीसाहेबांना पुढचे कित्येक दिवस टोचत राहिलं. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटाने सहलीत दगावलेल्या तीन माणसांच्या हकिकती चहा पिता पिता सांगितल्या, आणि प्रत्येक हकिकतीच्या शेवटी आनंदाने म्हणाला, "पण त्यांनी विमा काढला होता." समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी परदेशात दाढ दुखली तर काय होतं याचं असं वर्णन केलं, की मोजणीसाहेब दुसऱ्याच दिवशी एक मुळीच न दुखणारी दाढ काढून आले.

"दुखत नव्हती ना?" वहिनींनी विचारलं.

"आता दुखतेय," ते गालावर हात ठेवून म्हणाले. "पण इथे दुखतेय, हे लक्षात घे."

व्हिसाच्या खिडकीत खरी मेख निघाली. पतिपत्नीचा एकत्र अर्ज असल्यामुळे लग्नाचा दाखला लागेल, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. लग्न झालं तेव्हा दाखला घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. मोजणीसाहेब लग्नाचा एकुलता एक फोटो घेऊन नोंदणी कचेरीत गेले. फोटोत ते स्वतः अगदी स्पष्ट होते, छाती पुढे काढून उभे. वहिनींचा मात्र फक्त एक खांदा आला होता. बाकीच्या वहिनींसमोर कोणाचा तरी मामा उभा होता.

कारकुनाने फोटो उजेडाकडे धरला. "साहेब, या खांद्यावरून मी काय ठरवू?"

"खांदा हिचाच आहे."

"असेल. पण त्याला नाव कुठे आहे?"

शेवटी नव्याने नोंदणी करायचं ठरलं. मास्तर, विमा एजंट आणि डॉक्टरीणबाई साक्षीदार म्हणून आले. सगळे लाकडी बाकावर ओळीने बसले होते, दवाखान्यात बसावं तसे. नोंदणी अधिकारी चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, हे लग्न तुम्ही स्वखुशीने केलंय?"

वहिनींनी थोडा विचार केला. "तेव्हाचं विचारताय की आताचं?"

विमा एजंट हसला. मास्तर छताकडे बघू लागले. अधिकाऱ्याने समजुतीने "तेव्हाचं" असं लिहून घेतलं. मोजणीसाहेबांचे कान मात्र घरी पोचेपर्यंत लाल होते, आणि त्या दिवशी त्यांनी जेवताना आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही.

तर गाडी एकदाची निघाली. चोवीस प्रवासी, एक गाइड. गाइड म्हणजे बसक्या आवाजाची एक काटकुळी मुलगी होती, हातात नारिंगी झेंडा. गाडीतली गार हवा इतकी कडक, की उष्ण कटिबंधातून सगळे स्वेटर घालून चालले होते. बाहेर दमट आणि आत गार, त्यामुळे काचांवर सतत दव. तीन देशांची हिरवाई बाहेरून चालली होती आणि आतून ओल्या फळ्यासारखं काहीतरी दिसत होतं. त्यातल्या त्यात एक खिडकीची जागा यांच्या वाट्याला आली होती. तिथे मोजणीसाहेबांनी कागदपत्रांची बॅग ठेवली, कारण साखळी अडकवायची कडी त्याच बाजूला होती.

"तुला चालेल ना इकडे?"

"असू दे," वहिनी म्हणाल्या. हा शब्द त्या दिवसातून बऱ्याच वेळा म्हणत. मोजणीसाहेबांना तो होकारासारखा ऐकू यायचा.

पाऊस रोज चारला पडला. एक दिवस चार वाजून दोन मिनिटांनी आला तेव्हा मोजणीसाहेबांना केवढा आनंद झाला! पण मग त्यांच्या लक्षात आलं की आपलं घड्याळ पुढे आहे.

पहिल्याच मुक्कामाला एक निवृत्त न्यायाधीश तासभर हरवले. ते बाजारात छत्रीच्या दुकानाबाहेर सापडले आणि आपण हरवलो नव्हतो, बाकीचे हरवले होते, असा निकाल त्यांनी उभ्याउभ्या दिला. गाइड मुलगी रडवेली झाली. तिला तसं बघून मोजणीसाहेबांच्या अंगात काहीतरी हललं, जे निवृत्तीच्या दिवसापासून निजून होतं.

"माणसं मोजायची एक पद्धत असते," ते म्हणाले. "यादी द्या माझ्याकडे."

त्या संध्याकाळी चोवीस प्रवाशांना नंबर मिळाले. पांढरे गोल कागद, मागून चिकट, खांद्याला लावायचे. न्यायाधीश भडकले. "मी सात? एवढं आयुष्य काढून मी सात?"

"मग काय, आठ हवाय?" मोजणीसाहेबांनी विचारलं. आठ नंबर न्यायाधीशांच्या मेहुण्याला गेला होता, त्यामुळे ते गप्प बसले.

पुढचे चार दिवस मोजणीसाहेबांच्या आयुष्यातले उत्तम दिवस होते. प्रत्येक स्टेशनवर ते डब्याच्या दारात उभे राहायचे. सुरुवातीला "एक आणि दोन हजर" म्हणून स्वतःच्या आणि वहिनींच्या नावापुढे खूण करायची, कारण एक तर ते स्वतःच होते आणि दोन त्यांच्याबरोबरच असणार. मग तीनपासून चोवीसपर्यंत प्रत्येकाचा चेहरा बघून खूण. शेवटी हात वर केला की गाइड झेंडा हलवायची. "काका, तुम्ही नसतात तर माझं काय झालं असतं?" असं ती रोज म्हणायची. मोजणीसाहेब मनात म्हणायचे, बघते आहे ना ही? आपला नवरा अजून कामाचा आहे हे कळतंय ना हिला? हे विचारायला त्यांनी वहिनींकडे वळून बघायला हवं होतं. पण यादी हातात असताना मान वळवणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

सहाव्या दिवशी सरहद्दीचं स्टेशन आलं. पहिल्या देशाची गाडी इथे संपत होती. बॅगा घेऊन उतरायचं, एक फलाट, एक लांबलचक खोली, मधे जमिनीवर पिवळा पट्टा, त्यापलीकडे दुसऱ्या देशाची खोली, आणि मग दुसरी गाडी. पासपोर्टांचा गठ्ठा गाइड मुलीने आधीच खिडकीत दिला होता. तिथल्या साहेबाने यादी बघितली, यादीवर चोवीस खुणा बघितल्या, आणि चोवीस पासपोर्टांवर धडाधड शिक्के मारले. इतकी स्वच्छ यादी त्याने पूर्वी पाहिली नसावी. पट्ट्यापलीकडच्या खिडकीतही तेच झालं.

फलाटावर मोजणीसाहेबांनी वहिनींना सांगितलं होतं, "इथे बाकावर बस. मी येतो." बॅगा मात्र त्यांनी हमालाबरोबर पुढे पाठवल्या आणि बॅगांच्या मागे स्वतः गेले. मग दुसऱ्या गाडीच्या दारात उभे राहिले. एक आणि दोन हजर. तीन. चार. न्यायाधीश. चोवीस भरले. हात वर झाला, झेंडा हलला, गाडी सुटली.

चार वाजता पाऊस आला. चार वाजता त्यांची रक्तदाबाची गोळीही असायची. मोजणीसाहेब दुसऱ्या दिवसाची यादी आखत होते. डोकं वर न काढता त्यांनी सवयीप्रमाणे डावा तळवा पुढे केला. तळव्यावर काही पडलं नाही. त्यांनी तो तसाच धरून ठेवला. अर्ध्या मिनिटाने कंटाळून त्यांनी मान वळवली. शेजारच्या जागेवर बॅगांबरोबर आलेली वहिनींची शाल होती.

त्यांनी आधी शौचालय बघितलं, मग दोन डबे पुढे, दोन डबे मागे. मग यादी बघितली. दोन नंबरपुढे खूण होती, त्यांच्याच हातची, ठसठशीत.

"पण तुम्ही मोजलं होतं ना, काका?" गाइड मुलगी म्हणाली. तिचा आवाज आणखी बसला.

बाकीच्यांना सोडून तिला परत जाता येईना, म्हणून तिने दोघांचे पासपोर्ट त्यांच्या हातात दिले आणि पुढच्या स्टेशनवर उतरवून उलट्या गाडीत बसवलं. जाताना न्यायाधीशांनी खिडकीतून हात हलवला. त्या हात हलवण्यात थोडा न्याय होता.

सरहद्दीवरच्या, दुसऱ्या देशाच्या साहेबाने पासपोर्ट बघितला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "बाई आमच्या देशात आल्या आहेत."

"नाही आल्या. त्या पलीकडे आहेत. बाकावर."

"शिक्का आहे. आज दुपारचा. पलीकडून त्या निघून गेल्या आहेत आणि इकडे पोचल्या आहेत."

"अहो, तो कागदावर!" मोजणीसाहेब ओरडले. कागदावर आहे म्हणजे आहे, असं आयुष्यभर लोकांना सुनावलेल्या माणसाला हे ओरडताना किती कष्ट पडले असतील, विचार करा.

"मग त्या आमच्याकडे हरवल्या आहेत," साहेब समजूतदारपणे म्हणाला, आणि त्याने हरवलेल्या माणसाचा फॉर्म पुढे सरकवला. "तुम्हाला पट्टा ओलांडता येणार नाही. तुम्ही इकडे आला आहात."

फॉर्म भरणं म्हणजे मोजणीसाहेबांच्या डाव्या हातचा मळ. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. नाव. वय. पत्ता. मग उंची. मध्यम, असं त्यांनी लिहिलं. साहेब म्हणाला, आकडा लिहा. आकडा त्यांना माहीत नव्हता. डोळ्यांचा रंग. काळा लिहावा का? सगळ्यांचे काळेच असतात. की तपकिरी? चष्मा. वाचताना लावते बहुतेक. सकाळी अंगावर कोणत्या रंगाचे कपडे होते? त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, तर डोळ्यांसमोर न्यायाधीशांचा चौकटीचा शर्ट उभा राहिला. ओळखीची खूण. रिकामी. सगळ्यात खाली प्रश्न होता, 'या व्यक्तीस शेवटचे केव्हा पाहिले?'

त्यांनी खूप वेळ विचार केला. सकाळी तिने बॅग हातात दिली होती, पण तेव्हा बॅग बघितली होती. चहाचा कप घेतला होता, तो कप बघितला होता. भांडारातल्या चारशे बारा नंबरच्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे त्यांना अजून आठवत होतं. त्यांना आपली लाज वाटली. अशी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती, आणि तिचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून ते साहेबावर ओरडले. तासभर ते थांबून थांबून ओरडत राहिले. साहेब ऐकून घेत होता, आणि बाहेर पाऊस चालू होता.

तेवढ्यात पिवळ्या पट्ट्यापलीकडून पहिल्या देशाची एक शिपाईबाई हातात कागद घेऊन आली. तिने तो या साहेबाला दिला. पलीकडेही एक हरवल्याचा फॉर्म भरला गेला होता. साहेबाने तो शांतपणे, मोजणीसाहेबांना ऐकू जाईल असा वाचला.

"हरवलेली व्यक्ती, पुरुष. उंची पाच फूट पाच, पण तो पाच-सात सांगेल. शर्ट फिका निळा, वरून तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं. खालची डावी दाढ नुकतीच काढली आहे, त्यामुळे उजव्या बाजूने चावतो. चढावर डावा पाय ओढतो. रोज चारला गोळी लागते, ती माझ्याजवळ आहे." साहेबाने एकदा मोजणीसाहेबांच्या तिसऱ्या बटणाकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. "घाबरलेला असेल, पण तसं दाखवणार नाही. ओरडेल. मनावर घेऊ नका. आधी पाणी द्या."

साहेब उठला. कोपऱ्यातल्या माठातून त्याने एक पेला भरला आणि मोजणीसाहेबांसमोर ठेवला. मोजणीसाहेबांनी तो घटाघटा प्यायला, कारण ओरडायला आता जागाच उरली नव्हती.

वहिनींचा पासपोर्ट इकडे पोचलेलाच होता, तेव्हा त्यांनाही इकडे यायला कोणाची हरकत नव्हती. त्या पट्टा ओलांडून आल्या. हातात पर्स, केस पावसाने थोडे ओले.

"रागावलीस?" मोजणीसाहेबांनी विचारलं.

"नाही हो. मला वाटलं तुम्हीच कुठे चुकलात. म्हटलं, एकटा माणूस, जाईल कुठे." त्यांनी पर्समधून गोळी काढून दिली. "तीन तास उशीर झालाय. घ्या."

आता सगळं संपायला हवं होतं. पण साहेबाने अर्धवट फॉर्म परत पुढे केला. हरवलेली व्यक्ती सापडली तरी फॉर्म पूर्ण केल्याशिवाय प्रकरण बंद होत नव्हतं. मोजणीसाहेबांनी पेन घेतलं. मग ते वहिनींकडे बघू लागले, आणि वहिनी फोटोला बसावं तशा बाकावर सरळ बसल्या.

डोळे तपकिरी होते. कडेला रंग थोडा उतरलेला. कपडे शेवाळी रंगाचे, काठाला उसवलेले आणि पुन्हा शिवलेले. हनुवटीखाली एक बारीकसा व्रण होता.

"हे कधी झालं?"

"मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा. दाराची कडी लागली. तुम्ही वार्षिक तपासणीला गेला होतात."

त्यांनी तेही लिहिलं. शेवटचा रकाना राहिला: 'सापडलेल्या व्यक्तीस कोणाच्या स्वाधीन केले?' साहेबाने त्यावर बोट ठेवलं. "पती. लिहा पती."

मोजणीसाहेबांनी लिहिलं नाही. "तुला खरंच जायचंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्यामुळे?"

वहिनींनी ओलं बोट पदराला पुसलं. "तुम्ही वाईट नाही हो. पण तिथे, मुलीकडे, सकाळी नात येऊन विचारते, आजी, उठलीस का? ती बघते मी उठलेय ते. तरी विचारते."

बाहेर कुठलीशी गाडी शंटिंग करत होती. मोजणीसाहेबांनी रकान्यात मुलीचं नाव लिहिलं. मग पत्ता लिहायला घेतला आणि अडले. वहिनींनी घराचा नंबर सांगितला, गल्ली सांगितली. त्यांनी ते नीट अक्षरात लिहून खाली सही केली.

साहेबाने दुसरा फॉर्म वहिनींपुढे ठेवला. तोही बंद करायचा होता. हरवलेला पुरुष सापडला, तो कोणाच्या स्वाधीन?

वहिनींनी पेन हातात घेतलं. मोजणीसाहेब त्यांच्याकडे बघत होते. मग वहिनींनी सावकाश एक शब्द लिहिला आणि कागद साहेबाकडे सरकवला.

"स्वतःच्या?" साहेबाने वाचलं. "असं कोणी लिहीत नाही, बाई."

"माहितेय," वहिनी म्हणाल्या. "पण आता तसंच आहे."

साहेबाने दोघांकडे पाहिलं आणि दोन्ही फॉर्मवर शिक्का मारला. वहिनींनी पर्समधून गोळ्यांची अख्खी पट्टी काढली आणि मोजणीसाहेबांच्या हातात ठेवली.

"रोज चारला," त्या म्हणाल्या. "रिकाम्या पोटी घेऊ नका."